काठीखालची दहावी

साठी उलटल्यावर माणसाला वाचायला शिकवू नये. शिकवलंच तर ससा-कासवाची पुस्तकं द्यावीत, कारण ती वाचून झाल्यावर कुणाला काही करावं लागत नाही. मला एकसष्टाव्या वर्षी अंगणवाडीतल्या साक्षरता वर्गात अक्षरं आली आणि मी सरळ पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हातात घेतलं. पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला. तरी लोक म्हणतात बकऱ्यांमुळे झाला. बकऱ्यांची यात काही चूक नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

फुलसावंगीच्या कडेला टिनाच्या खोलीत आमची ख्रिस्ती मंडळी भरते. पस्तीस-चाळीस माणसं, निम्मी आमच्या तांड्यावरची. पास्टरचं नाव ओम. नाव त्याच्या बापानं ठेवलं, पास्टर तो नंतर झाला. नाव बदलावं असं त्याच्याही मनात होतं, पण आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक यांचा विचार करून देवानंच त्याला सूट दिली असावी. मुलगा गुणी आहे. एकच खोड, बोलायला फार वेळ घेतो. तो 'त्याचं असं आहे की' म्हणेपर्यंत दुसऱ्याचं बोलून झालेलं असतं.

एका रविवारी त्यानं दशांशावर उपदेश केला. मिळकतीचा दहावा भाग देवाचा, असं जुन्या करारात आहे, हे त्यानं सांगितलं. मागच्या बाकावर एकदम शांतता पसरली. एरवी तिथं घोरणं असतं. मी उभा राहिलो. अक्षरं आल्यापासून मला उभं राहायची सवय लागली आहे.

"पास्टर, हे सक्तीचं हाय का मनावर हाय? आपन ख्रिस्ती लोकाईले द्याच लागते का?"

"काका, फार चांगला प्रश्न आहे," ओम म्हणाला. "त्याचं असं आहे की..."

"द्याच लागते," भीमराज म्हणाला. भीमराज आमचा खजिनदार. तो ग्रामपंचायतीत बत्तीस वर्षं शिपाई होता, त्यामुळे सक्ती म्हटलं की त्याला उजळणी लागत नाही. "दहा टक्के. त्याच्यात विचारनं काय हाय?"

"पन माह्या जवळ पगार नाही. मी कशाचे दहा टक्के देऊ?"

"तुमी आता वाचता ना काका? मंग वाचा अन् आमालेही सांगा," भीमराज म्हणाला. त्याच्या मागचे दोघे हसले.

ते हसणं मला लागलं. मी घरी आलो, चष्मा पुसला आणि बसलो. एकोणीस दिवस बोट ठेवून वाचत होतो. वाचताना माझे ओठ हलतात. रामी, माझी बायको, शेजारणीला सांगायची, "अंकुरचे बा कोनाशी तरी भांडून राह्यले, पन आवाज येत नाही." अंकुर आमचा मुलगा, त्याचा बा मी. रामी अंगठेबहाद्दर. वर्गाला ये म्हटलं तर म्हणाली, "घरात एक जन बिघडला, पुरे झाला."

विसाव्या दिवशी सापडलं. पैशाचं नव्हतं ते, जनावरांचं होतं! मेंढरं-बकऱ्या काठीखालून जाऊ द्यायच्या, आणि दहावी जी जाईल ती देवाची. चांगली की वाईट पाहायचं नाही. इतकं सरळ! पगारदारांना टक्के काढू दे, आपल्याकडे बकऱ्या आहेत. पुढच्या रविवारी मी मंडळीत उभा राहून ते मोठ्यानं वाचलं. जन्मात पहिल्यांदा चारचौघांत वाचलं. एक-दोन जोडाक्षरांना अडखळलो, पण पडलो नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंडळीत टाळ्या गाण्याला वाजतात, वाचनाला पहिल्यांदाच वाजल्या. माणूस टाळ्यांत काय बोलतो याचा हिशोब कोणी धरू नये, पण सगळ्यांनी धरला. मी बोललो, "येत्या रविवारी मी असंच देनार हाय."

ओम म्हणाला, "काका, त्याचं असं आहे की..." पण तोवर शेवटचं गाणं सुरू झालं होतं.

घरी आल्यावर रामीनं मला पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, "बकऱ्या कोनाच्या?"

हा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता. सरकारच्या शेळीगटाच्या योजनेत दहा बकऱ्या अन् एक बोकड मिळाला, तो बाईच्या नावावर. कानात पिवळे बिल्ले, बिल्ल्यावर नंबर, आणि नंबरापुढे कंप्युटरात रामीबाईचं नाव.

"तुमच्या नावावर काय हाय?" ती म्हणाली. "चष्मा. त्याचा दहावा हिस्सा द्या. एक दांडी काढा अन् नेऊन द्या ओमले."

"मी बोललो ना मंडळीत."

"मंग तोंडाचा द्या."

तीन दिवस ती बोलली नाही. चौथ्या दिवशी एकदम कबूल झाली. "मोजा," म्हणाली. "बोकडाले मी बाभळीले बांधते, तो लय नाचते. बाकीच्या दहा मोजा." तिच्या आवाजात एवढी गोडी होती की मला संशय यायला हवा होता. आणि खरं सांगायचं तर आला होता. आमच्याकडे एक लंगडी बकरी आहे. नावच लंगडी. दूध नाही, पिल्लू नाही, गोठ्यातून ती रोज सगळ्यांच्या शेवटी निघते. दहात शेवटची म्हणजे दहावी. हे रामीला माहीत होतं. मला माहीत होतं का? मी त्या विचाराकडे पाठ करून बसलो होतो. पाठ केली की विचार दिसत नाही, पण मागे उभा असतो.

आणि लंगडीच्या आधी, नवव्या नंबरावर, रोज मैना निघते. मैना म्हणजे रामीचा जीव. ढोपरापर्यंत कास, तेव्हा साडेतीन महिन्यांची गाभण आणि तरी सकाळचं दूध देतच होती. आमचा चहा तिच्यावर. रामी दारात मूठभर तुरीचा कुटार घेऊन उभी राहते, मैना तो खाते आणि मग बाहेर पडते. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती कास लावू देत नाही. मी एकदा प्रयत्न केला होता. त्याची खूण नडगीवर आहे.

रविवारी दुपारी निम्मा तांडा जमला. आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून वामनरावांचं वावर आहे. ते कुणबी माणूस, वयानं माझ्या बरोबरीचे, सल्ला द्यायला जन्मलेले. तेही तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत आले.

"देवीलालभाऊ, आमच्यातही नवस असते," ते म्हणाले. "पन आमी नारळ फोडला तं अर्धा घरी येते. तुमचा देव काही वापस देते का नाही?"

"नाही."

"मंग आकडा विसरा. नऊ झाल्यावर खोकला काढा अन् पुन्हा एकपासून धरा."

आयुष्यभर बोटांवर मोजून आत्ता कुठं मला शंभरपर्यंत न अडखळता मोजता येऊ लागलं होतं. तो माणूस मला मोजणं विसरायला सांगत होता. मी दारात आडवी काठी धरली. डाव्या हाताशी वाटीत गेरू भिजवून ठेवला, दहावीच्या पाठीवर लावायला. "एक," मी म्हणालो.

पोरांनी माझ्यामागून ओरडायला सुरुवात केली. दोन, तीन, चार. गोठ्यात अंधार, सगळ्या बकऱ्या तपकिरी, बाहेर येताना धूळ. सात. आठ. नऊ. मग थोडी जागा रिकामी. रामीच्या मुठीतला कुटार संपला, आणि एक लांब कानांचं डोकं काठीखालून आलं.

"दहा!" पोरं ओरडली.

मी गेरूचा हात मारला तेव्हा कळलं की पाठ मैनाची आहे. तिच्यामागून लंगडी आली, अकरावी, कसलीही घाई नसल्यासारखी.

वामनरावांनी खर्रा थुंकला, डोळे बारीक करून कळपाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, ते तिसरी तं आमची हाय."

झालं असं होतं की त्यांची बायको विमलताई दोन दिवसांसाठी केळापूरला लेकीकडे गेल्या होत्या. जाताना आपली एकुलती बकरी आमच्या गोठ्यात ठेवून गेल्या. ठेवून घेतली कुणी? रामीनं. मला सांगितलं? नाही. आणि आता तीच कमरेवर हात ठेवून मला विचारत होती, "दुसऱ्याची बकरी देवाच्या गिनतीत काहून घेतली तुमी?"

"काठीखालून गेली ती मोजली. कोनाची हाय ते इचारून जाऊ द्या असं लिहेल नाही."

"विमलची काढा. मंग दहावी कोनती? लंगडी." तिनं वाटीतला गेरू घेतला आणि लंगडीच्या पाठीवर पोतारा मारावा तसा मारला. "हे घ्या तुमची दहावी. मैनाले धुवून टाकते मी."

इथं मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण अक्षरं आलेला माणूस गप्प बसत नाही. मी पुस्तक आणलं होतंच. बोट ठेवून त्याखालची ओळ वाचू लागलो. वाचता वाचता माझाच आवाज बारीक होत गेला. तिथं लिहिलं होतं की दहावी बदलायची नाही. आणि कोणी बदललीच, तर आधीची आणि बदलीची, दोन्ही देवाच्या. सोडवूनही घेता येणार नाहीत.

वामनराव जवळ आले. "म्हंजे आता दोन?"

"दोन."

"अजून बदलली तं?"

"तीन."

"वाचनं बंद करा देवीलालभाऊ," ते कळवळून म्हणाले. "तुमी असेच वाचत गेले तं संध्याकाळपर्यंत गोठा खाली होईन."

रामीनं मैनाच्या पाठीवरचा गेरू पदरानं पुसायला घेतला होता, तो हात तिथंच थांबला. मला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी विमलताई परतल्या त्या थेट आमच्या दारात. "भाऊजी, माही बकरी तिसरी गेली म्हनते. तिले काही झालं तं नाही ना? म्हंजे, ते आता आमच्यातली हाय का तुमच्यातली?" मी सांगितलं, दहावीलाच काय ते होतं, तिसरीला काही होत नाही. तरी त्यांनी खात्रीसाठी बकरीला हळदीकुंकू लावलं आणि वाटेत मारुतीला दाखवून घरी नेलं. माझा जीव त्या बकरीवर जळला. तिची तेवढ्यात सुटका झाली.

मी दोन्ही बकऱ्या दोरीनं ओढत मंडळीच्या खोलीवर नेल्या, रामी मागोमाग आली. ओम बनियनवर बाहेर आला. मागच्या खोलीत तो, त्याची बायको राखी आणि पाच वर्षांची दिपाली राहतात.

"काका, मला वाटलं पाकिटात द्याल," तो म्हणाला.

भीमराजला बोलावलं. त्यानं पावतीपुस्तक उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि मिटलं. "रोख हाय, चेक हाय. बकरीचा रकाना नाही."

"मंग वस्तू म्हून लिही."

"वस्तू हालत नाही काका. अन् पावतीशिवाय मी काही ठेवून घेत नाही. उद्या कोनी म्हनलं, खजिनदारानं बकरी खाल्ली, तं?"

त्याचवेळी लंगडीनं आत शिरून ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी आणलेल्या, भिंतीला लावून ठेवलेल्या वाळक्या झावळ्या खायला घेतल्या. भीमराज म्हणाला, हे नुकसान कुणाच्या नावावर टाकायचं तेही ठरवावं लागेल.

मग तोड निघाली. आमच्याकडे कापणीच्या सणाला लोक ज्वारी, भोपळे, कोंबड्या आणतात आणि उपासना झाल्यावर त्यांचा हर्रास, म्हणजे लिलाव, होतो. पुष्कळदा ज्यानं भोपळा दिला तोच तो विकत घेऊन घरी नेतो, आणि देवाला नगद मिळते. रामीचे डोळे चमकले. मी म्हणालो, सोडवून घेता येणार नाही असं लिहिलं आहे. ती म्हणाली, "तुमी वाचाचं काहून नाही सोडून राह्यले?" भीमराज म्हणाला, तेही राहू द्या, कानातला नंबर रामीबाईच्या नावावर असताना हर्रास करणार कोण? आधी नाव उतरवून आणा.

म्हणून मी बकऱ्या तिथंच खोलीमागे बांधल्या आणि काळीपिवळीत बसून तालुक्याला गेलो. जनावरांच्या ऑफिसात एक तरुण बाबू होता.

"नाव कमी कराचं हाय? कारण सांगा. कंप्युटरात चार कारणं हायेत. मेली, चोरीले गेली, विकली, इतर."

"देवाले दिली."

"म्हंजे मेली."

"मेली नाही. गाभण हाय."

"मंग विकली."

"पैसे नाही घेतले."

"तं चोरीले गेली. काका, रिपोर्ट लागीन पोलिसाचा."

मी कपाळाला हात लावला. शेवटी तो दया येऊन म्हणाला, "इतर मध्ये टाकू. पन त्याले मालकिनीचा अर्ज लागते. कारण लिहून, सही नाहीतं अंगठा. मालकीन घेऊन या."

मालकीण म्हणाली, "अंगठा माहा हाय. तो काही काठीखालून गेला नाही."

आता परिस्थिती अशी झाली. देवाच्या लेखी बकऱ्या देवाच्या. सरकारच्या लेखी रामीच्या. भीमराजच्या लेखी त्या नव्हत्याच. आणि चारा टाकायचा कोणी? मी. दीड किलोमीटर, रोज, डोक्यावर भारा घेऊन. वाटेत वामनराव विचारायचे, "काय भाऊ, देव स्वतः नाही का चारत?" घरी चहा काळा. मैना तिकडे कासेला हात लावू देईना. राखीनं करून पाहिलं, तिची बादली उडाली. ओमनं प्रार्थना करून पाहिलं, त्याचा मोबाईल उडाला. दोन दिवसांत कास दगडासारखी झाली. तिसऱ्या दिवशी पहाटे रामी माझ्याशी एक शब्द न बोलता उठली, कुटाराची मूठ पदरात बांधली आणि चालू लागली. त्यानंतर मैना आटेपर्यंत ती रोज जायची. आटल्यावरही जायची. मला वाटायचं बकरीसाठी जाते.

दीड महिन्यानं मैना व्याली. बुधवारच्या प्रार्थनेच्या मधोमध, बाकांच्या खाली. दोन पाटी, म्हणजे दोन्ही माद्या पिल्लं. भीमराजनं डोळे उघडून विचारलं, "आता हे दोन कोनाच्या हिशोबात?" मी पुस्तकाला हात घातला, तर आठ-दहा जणांनी एकदम माझा हात धरला.

पुढच्या बुधवारी मी चिडलो. सगळ्यांसमोर ओमला म्हणालो, "पास्टर, आता तुमी मले सांगा. द्याच लागते का नाही? माही कंबर गेली, चहा गेला, बायको बोलत नाही. सक्तीचं हाय का?"

भीमराज मधे बोलला नाही, कारण त्याच्या मांडीवर पाट होती. ओमला पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलायला मिळालं.

"काका, त्याचं असं आहे की आपल्यावर ती सक्ती नाही. जुना नियम त्या लोकांसाठी होता. नव्या करारात एवढंच आहे की ज्यानं त्यानं मनात ठरवावं तितकं द्यावं. कुरकुरत नको, भाग पडतं म्हणून नको. आनंदानं द्यावं."

"हे तुमी आधी काहून नाही सांगतलं?"

"दोनदा सुरुवात केलती, काका."

"मंग उपदेश कायले केला दशांशाचा?"

ओमनं मान खाली घातली. "टिनाचं भाडं थकलं होतं," तो म्हणाला.

मी उठलो आणि म्हणालो, सक्ती नव्हती तर मोजणीच चुकली, बकऱ्या घरी चालल्या. मैनाची दोरी सोडायला गेलो. दोरीपाशी रामी बसली होती. तिच्याजवळ दिपाली बसून पितळी लोट्यातून दूध पीत होती. ओठावर पांढरी मिशी.

"ते दोरी ठेवा," रामी म्हणाली.

"अवं, पास्टर म्हनते द्या लागत नाही."

"आयकलं मी. बहिरी नाही." तिनं पोरीचं तोंड पुसलं. "या घरात दुधाचा थेंब नव्हता, अंकुरचे बा. पहिल्या दिवशी दूध काढाले आली तवा राखी पोरीले काळा चहा पाजत व्हती, बुडवाले पाव बी नाही. तुमी रोज चारा टाकून जात व्हते, तुमाले दिसलं नाही?"

मला दिसलं नव्हतं. मी भाऱ्याखाली असायचो.

"मैना इथंच राह्यते. पाटी बी. लंगडीले मी नेते."

राखी दारात आली. "याडी, एवढं नको," म्हणाली. याडी म्हणजे आमच्या बोलीत आई.

"तू चूप बस. तुले दूध काढाले शिकवते उद्यापासून. कुटाराची मूठ दाखवाची आधी, मंग हात."

मला राहवलं नाही. "पन रामी, लंगडी बी देवाची झालती. दोनीच्या दोनी. लिहेल हाय."

तिनं लंगडीची दोरी हातात गुंडाळली आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी बी सोताले देवाचेच म्हनता ना? तुमाले नाही का चारत मी?"

आठवड्यानं आम्ही दोघं काळीपिवळीत बसून तालुक्याला गेलो. बाबूनं अर्ज पुढे केला. कारणाच्या रकान्यात मी पेन टेकवलं आणि रामीला विचारलं, काय लिहू? माझ्या डोक्यात तीन-चार वचनं तयार होती.

"लिहा, मले वाटलं म्हून."

"एवढंच?"

"मंग काय दहा लिहाचे हायेत?"

मी लिहिलं. तिनं खाली अंगठा उठवला. बाबूनं वाचलं, मान हलवली आणि इतर मध्ये टाकलं. सही-अंगठा-शिक्का सगळं मिळून चार मिनिटं लागली.

परवाच्या रविवारी ओमनं मला पुन्हा वाचायला उभं केलं. या वेळी पान त्यानंच काढून दिलं, आणि त्याच्या पुढची-मागची पानं चिमटा लावून बंद केली होती. आनंदानं देणाऱ्यावर देव प्रीती करतो, तो भाग. मी एकदाही न अडखळता वाचला. टाळ्या झाल्या नाहीत. मी चष्म्यावरून पाहिलं, तर सगळी मंडळी तोंड फिरवून बायकांच्या बाकाकडे पाहत होती.

रामी भिंतीला डोकं टेकून झोपली होती. मी शेवटची ओळ पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं वाचली. ती काही उठली नाही.